टेलरमास्तरांचे ब्लॉक

आमच्या शेजारच्या टेलरमास्तरांनी जन्मभर लोकांच्या पोटांचे घेर मोजले, पण कुणाचा घेर किती वाढला हे चारचौघांत कधी बोलले नाहीत. मला मात्र सांगायचे. म्हणून आमची मैत्री.

दुकान मुलाकडे सोपवून मास्तर घरी बसले आणि त्याच सुमारास वहिनी अंगणात पडल्या. दारापासून फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट होती. मधला ब्लॉक हलला, असं वहिनींचं म्हणणं. हाड जुळून आलं, वॉकर आला, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना. एरवी फाटकाला टेकून अख्ख्या गल्लीवर नजर ठेवणारी बाई! माझी तर बातम्यांची निम्मी रसदच तुटली.

"वाट नीट करा, मग येते," त्या मास्तरांना म्हणाल्या.

मी म्हटलं, गवंडी बोलवा.

"दुसऱ्यानं बेतलेलं मी कधी अंगात घातलंय का?" मास्तर म्हणाले.

मग रबरी हातोडा आला. ब्लॉक उचकटायचे, खालची रेती फळीनं सारखी करायची, ब्लॉक ठोकून बसवायचे. ठकठक ऐकून गल्लीची दुपारची झोप उडाली. वाट मात्र देखणी झाली. दोन ब्लॉकांत नख शिरेल तर शपथ!

"मास्तर, फट कुठाय? फटीतली रेतीच ब्लॉक धरून ठेवते म्हणतात."

"शिवण दिसली की कारागिराची अब्रू गेली. तुम्हाला नाही कळायचं."

ऊन तापलं तसे ब्लॉक एकमेकांना ढुशा देऊ लागले. कडांचे टवके उडाले, मधला भाग वर आला.

"पोट सुटलं हो तुमच्या वाटेला," मी म्हटलं. "कंबर सैल करा."

मास्तर हसले नाहीत. खिडकीतून वहिनी ओरडत होत्या, "अहो, तो डावीकडचाही हलतोय!" मास्तर निमूट डावीकडे सरकले. मी त्या ब्लॉकवर दोन उड्या मारून पाहिलं होतं. हलत नव्हता. पण नवराबायकोच्या भांडणात मी फक्त ऐकायला असतो.

अखेर त्यांनी सगळी वाट उसवली. या वेळी फटी सोडल्या, कडेच्या ओळी पक्क्या केल्या, कोरडी रेती झाडूनं फटींत भरली, ठोकली, पुन्हा भरली. आपल्याच हातांनी शिवण उघडी टाकताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

वहिनी वॉकर धरून बाहेर आल्या. मास्तर उलटे चालत पुढे, मी खुर्ची घेऊन मागे. मधल्या ब्लॉकपाशी वहिनींचा गुडघा लटपटला, आणि मी खुर्ची सरकवली नसती तर पुन्हा तेच झालं असतं.

मास्तर खाली बसून ब्लॉक चाचपू लागले.

"उठा हो," वहिनी हळूच म्हणाल्या. "तो पक्का आहे. तेव्हाही पक्काच होता. माझे पायच तोल धरत नाहीत आता. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही हातोडा घेऊन बसलात, मग मला सांगवेना."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. फाटक तिथून दिसत होतं. गल्लीत कुणी तरी नवीन साडी नेसून चाललं होतं. वहिनींनी मानही वळवली नाही.

"नाही गं," मास्तर म्हणाले, "इथं किंचित आहे अजून."

त्यांनी फटीत स्क्रूड्रायव्हर घातला आणि जोर लावला. ब्लॉक असा गच्च बसला होता की निघता निघेना.