रत्नमालाताईंचा जास्तीचा वजीर

अड्याळच्या रत्नमालाताई एसटीत कंडक्टर. आठवडाभर लोकांचा माज उतरवायचा पगार मिळायचा, सुटीच्या दिवशी हाच उद्योग त्या बुद्धिबळाच्या पटावर फुकट करायच्या. खेळ शिकवला नवऱ्याने, धम्मदीपने. त्या जिंकायला लागल्या तसं त्याचं डोकं दुखायला लागलं. मग त्या स्पर्धांना जाऊ लागल्या. रेटिंग जेमतेम चौदाशे तीस.

तुमसरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत समोर आला नागपूरचा चंद्रकुमार. बुद्धिबळाचे क्लास घेणारा, रेटिंग एकोणीसशे पन्नास, अंगाला अत्तराचा घमघमाट. चाल खेळायची, घड्याळ दाबायचं आणि बाकीचे डाव बघत हिंडायचं, असा त्याचा थाट. अशाच एका चकरेवरून येऊन त्याने न बघता प्यादं सरकवलं आणि हत्ती उघडा पडला. ताईंनी तो उचलला. चंद्रकुमार खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

बऱ्याच वेळाने मेहेरबानी केल्यासारखं म्हणाला, "ड्रॉ घेता का, मॅडम?"

"काहून? हरून राहिले का सर?"

पंच मधुकरराव धावत आले. "ताई, डाव चालू असताना बोलायचं नाही."

"मी कुठं बोलून राहिली? यायनं विचारलं, मी उत्तर देल्लं."

हळूहळू त्याच्या सगळ्या सोंगट्या गेल्या. कोपऱ्यात एकटा राजा उरला, तरी हा हार मानेना. ताईंकडे वजीर होता, मात समोर दिसत होती. पण एक प्यादंही वजीर व्हायला टेकलं होतं. एका वजिराने हरवलं तर नुसता पराभव. दोघांनी हरवलं तर नागपुरात चर्चा होईल. ताईंनी प्यादं पुढे ढकललं, त्या जागी दुसरा वजीर ठेवला आणि घड्याळ जरा जोरातच हाणलं.

चंद्रकुमार पहिल्यांदा हसला. त्याच्या राजाला शह नव्हता, आणि हलायला घरही नव्हतं. स्टेलमेट. डाव बरोबरीत सुटला.

"ड्रॉ तर मी मघाशीच देत होतो, मॅडम."

"तवाच घेतला असता तं तुमचं रडकं तोंड पाहाले भेटलं नसतं, सर."

मधुकररावांनी समजूत घातली, की एवढ्या वरच्या खेळाडूशी बरोबरी केल्याने ताईंचं रेटिंग वाढेल आणि त्याचं उतरेल. चंद्रकुमारचं हसू तिथेच मावळलं. ताईंनाही त्याचा आनंद झाला नाही. बाहेर येऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"जिंकली का?"

"अर्धी."

"अन् अर्धी कोणं खाल्ली?"

"माह्या हावरटपणानं."

तिकडे धम्मदीप इतका हसला, की ताईंनी फोन कापला आणि रागारागात दोन समोसे मागवले.