बाबांच्या पेशींवर तारीख नव्हती

आमच्या घरातला पुरुष बासष्ट ओलांडत नाही, असं बाबा सांगायचे. सरकारी परिपत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात सांगायचे, त्यामुळे उलट बोलायची सोय नसे. आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वय बासष्ट, मोठ्या काकांच्या दाखल्यावरही बासष्ट. दोन्ही दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले होते. तिसरा दाखला आपलाच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं, आणि येत्या एक जूनला त्यांना बासष्ट पूर्ण होणार होती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबांना निवृत्त होऊन चार वर्षं होत आली होती. आम्ही पनवेलला राहायचो, मी तिथल्याच एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशा वयात होते. बाबांची सगळी नोकरी एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर गेली. कोण कधी लागला, कोण कधी निवृत्त होणार, हे सेवापुस्तकात बघून सांगायचं, हे त्यांचं काम. जन्मतारीख चुकलीय, दुरुस्त करून द्या, म्हणत येणाऱ्या कित्येकांना त्यांनी परत पाठवलं होतं. पुस्तकात आहे ती तारीख खरी, बाकी सगळी गावगप्प, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या जानेवारीपासून त्यांनी आवराआवर सुरू केली. घरातल्या प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याची चिठ्ठी लागली. कपाटाच्या दाराला आतून एक यादी डकवली गेली: गॅसचं कार्ड कुठे, पाण्याची मोटर बिघडली तर कोणाला बोलवायचं. चष्म्याचा नंबर वाढला होता, पेपर हातभर लांब धरून वाचत, पण नवा चष्मा करायला तयार नव्हते. आता कशाला, म्हणत. तिसऱ्या दिवशी आईने त्या यादीवर कालनिर्णयाचं पान चिकटवलं. मला मात्र रडू यायचं आणि रडू आलं की मी चिडते. एवढं शिकून घरातल्या एका माणसाच्या डोक्यातला आकडा मला काढता येऊ नये, याचा मला फार राग यायचा.

मग मी शिकवायला बसले. पेशी ठरावीक वेळाच विभागतात, मग थांबतात, हे खरं आहे, असं मी आधी मान्य करून टाकलं. गुणसूत्रांच्या टोकांना एक संरक्षक भाग असतो. मिठागरावर दोराचं टोक उसवू नये म्हणून सुतळी गुंडाळतात ना, तसा. दर विभाजनाला तो थोडा झिजतो. पण तो किती झिजला हे जन्मतारखेवरून कळत नाही, आणि म्हातारपण म्हणजे नुसतं तेवढंच नाही. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या बारीक भट्ट्या असतात, त्यांचीही नासधूस होते, आणि माणूस ती वाढवतो किंवा कमी करतो. तंबाखूने वाढते. बसून राहिल्याने, जागरणाने वाढते. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, तंबाखू मी खात नाही, मग माझं काय राहिलं? मी म्हटलं, चालणं. आणि रक्तदाब जरा वर आहे तर मीठ कमी.

झालं. परिपत्रक निघालं. दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे कॅनव्हासचे बूट घालून वडाळे तळ्याभोवती फेऱ्या मारायला लागले. मीठ कमी करा म्हटलं होतं, त्यांनी बंदच केलं. आमच्या घरात बंद म्हणजे सगळ्यांचंच. आमच्या मूळ गावी, गव्हाणला, मिठागरात ज्यांच्या चार पिढ्या गेल्या त्यांच्या घरात आमटी अळणी व्हायला लागली, आणि आई स्वतःच्या ताटात पदराआडून चिमूटभर घालून घेऊ लागली. महिन्याभरात बाबांचा रक्तदाब उतरला, झोप लागायला लागली, गालावर तजेला आला. मी खूश. पण किल्ल्यांच्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. तब्येत सुधारली म्हणून नियम बदलतो का, असं त्यांचं म्हणणं.

शेवटचा उपाय म्हणून एका रविवारी मी त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. शिपायाने कुलूप काढून दिलं. आत कांद्याच्या मुळांचा वास भरून राहिला होता, कारण आठवडाभर मुलांनी त्याच मुळांची टोकं कापून विभाजन पाहिलं होतं. मी बाबांना तोंड उघडायला लावलं, दात कोरायच्या काडीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडली, काचपट्टीवर पसरली, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्यापुढे सरकवला. चष्मा काढून ते वाकले. काचपट्टी बोटाने हळूहळू सरकवत राहिले. स्वतःच्याच पेशी पहिल्यांदा पाहणारा माणूस असा हरखतो, हे मी विद्यार्थ्यांत पाहिलं होतं, बाबांत कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की यातल्या बहुतेक पेशी महिनाभर जुन्यासुद्धा नाहीत, जुन्या गळतात, खालून नव्या येतात.

"हे सगळं आहे, पण तारीख कुठे लिहिलीय?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

नाहीच लिहिलेली, मी म्हटलं. तेच तर सांगतेय तुम्हाला. त्यांनी अजून एकदा पाहिलं, चष्मा लावला आणि नोंद नसलेल्या गोष्टीवर आपण निर्णय देऊ शकत नाही, असं म्हणून ते दाराकडे निघाले. बाहेर आल्यावर मी रिक्षावाल्यावर उगाच खेकसले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गव्हाणहून आत्या आली. बाबांची सर्वांत मोठी बहीण. वय विचारलं की हसायची. पायाच्या टाचा भेगाळलेल्या, पाठ ताठ, अजूनही बांधावरून चालत जाऊन उरलेल्या मिठागरावर नजर टाकून यायची. दर वर्षी हंगाम संपला की स्वतः भरलेली खड्याच्या मिठाची पिशवी घेऊन ती एसटीने यायची, आणि ती पिशवी आईच्या हातात दिल्याशिवाय पाणी पीत नसे. त्या दुपारी ती जेवायला बसली, पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. आईने खाली मान घातली. मग सगळं बाहेर आलं: मीठ, चालणं, किल्ल्या, एक जून, बासष्ट.

आत्याने पिशवीची गाठ सोडली, एक खडा बोटांनी चुरला आणि आपल्या आमटीत टाकला. मिठागरावरच्या माणसाचा पोर, नि मीठ सोडतोय, एवढंच पुटपुटली. मग हात धुऊन आली आणि बाबांच्या समोर मांडी घालून बसली.

"तुला बासष्ट कुठची? बांध फुटला तवा तू माज्या कडेवर व्हतास. माजा पदर दातात धरून रडत व्हतास. चार दात व्हते तुला."

मग तिने शाळेची हकीकत सांगितली. बाबा मिठागरावर माणसांना पाणी पाजायच्या कामाचे, म्हणून आजोबांनी त्यांना शाळेत उशिरा घातलं. मास्तरांनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला. बाबांनी पहिल्याच फटक्यात धरला, दोन्ही हातांनी धरून दाखवला. मास्तर म्हणाले, हा तर घोडा झालाय. आजोबांनी हात जोडले, मास्तरांनी सहा वर्षं लिहिली आणि तारीख टाकली एक जून. त्या काळी शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर एक जूनच टाकत. माझ्या कॉलेजच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत जुन्या पिढीतले अर्धे लोक एक जूनलाच जन्मलेले होते, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

बाबा ऐकून हसले. गावगप्प, म्हणाले. कागद आहे का?

कागद होता, आणि तो त्यांच्याच ट्रंकेत होता. खारं पाणी आत येऊन मिठागर बुडालं तेव्हा आजोबांनी बांधाच्या दुरुस्तीसाठी अर्ज केला होता आणि त्याला मिळालेलं उत्तर बाबांनी त्यांच्या इतर कागदांबरोबर जपून ठेवलं होतं. हातभर लांब धरून त्यांनी वरचं साल वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला वाचायला लावलं, कारण चष्म्याचा भरवसा नव्हता. त्या सालानंतर दोन वर्षांनी बाबा कागदोपत्री जन्मले होते.

मी मनातल्या मनात हिशोब केला. चार दात म्हणजे वर्षाच्या आसपास, वर दोन वर्षं, म्हणजे निदान तीन. बाबा बासष्टचे होणार नव्हते. पासष्टला टेकले होते. ज्या वर्षाची त्यांना एवढी धास्ती, ते वर्ष त्यांनी निवृत्तीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आईशी पत्ते खेळत आणि कधी नव्हे ते माथेरानला जाऊन, मजेत काढलं होतं.

आई पहिली हसली आणि मग तिला आवरेना. बाबा मात्र ताठ बसले होते. आपण नियमापेक्षा तीन वर्षं जास्त खुर्ची अडवली, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं, आणि संध्याकाळी ते खरोखरच कचेरीला तसं कळवणारं पत्र लिहायला बसले. आईने दौत उचलून नेली. रात्री जेवणात मीठ होतं, बेताचं, डॉक्टरांना चालेल एवढं. आत्याने दोनदा वाढून घेतलं.

एक जूनला मी बाबांबरोबर तळ्यावर गेले. दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला ते थांबले आणि कठड्यावर बसले. मला वाटलं धाप लागली. तसं नव्हतं, त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते सांगायची त्यांना लाज वाटत होती.

"तुझ्या आजोबांच्या दाखल्यावरचं वय मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "ग्रामपंचायतीत विचारलं, वय किती? मला काय माहीत? साठ कमी वाटले, सत्तर जास्त वाटले. बासष्ट म्हणालो."

आणि काका? मी विचारलं. काका गेले तेव्हाही बाबाच गेले होते. वय विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, वडिलांचं होतं तेच लिहा.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. तो आकडा कुठल्या पेशीत नव्हता, रक्तात नव्हता. विशीतल्या एका रडवेल्या मुलाने खिडकीपाशी उभं राहून घाईत सांगितला होता, आणि मग साठी गाठेपर्यंत त्यालाच तो घाबरत आला होता. मला खूप हसू आलं आणि त्यांची फार माया वाटली. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, हे तुझ्या आईला सांगू नकोस. मी घरी गेल्या गेल्या सांगितलं. त्याच आठवड्यात नवा चष्मा आला. किल्ल्यांच्या चिठ्ठ्या मात्र राहू दिल्या, कारण त्यांची सवय आईलाच झाली होती.

आत्या त्यानंतर सहा हंगाम मीठ घेऊन आली. सातव्या वर्षी, मार्चमध्ये, दुपारची झोपली ती उठली नाही. तिला काही त्रास झाला नाही, याचं आम्हाला समाधान होतं. मृत्यूची नोंद करायला बाबा ग्रामपंचायतीत गेले आणि मी सोबत होते. बाबा तेव्हा कागदावर अडुसष्ट आणि आमच्या घरात एकाहत्तर होते, आणि बसस्टॉपपासून माझ्या पुढे चालत होते. खिडकीतल्या तरुण कारकुनाने नाव लिहून घेतलं, पत्ता लिहून घेतला आणि मान वर न करता वय विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्या किती वर्षांची होती हे कोणालाच माहीत नव्हतं. ऐंशीच्या पुढची असावी, एवढंच. मी हळूच म्हटलं, माहीत नाही असं सांगा. कारकून म्हणाला, रकाना रिकामा ठेवता येत नाही. त्याचं बरोबर आहे, असं बाबांनी मलाच समजावलं. त्यांनी स्वतःही कधी ठेवला नसता.

मग त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला आणि खिडकीत वाकून म्हणाले,

"शंभर लिहा."

कारकुनाने मान वर केली. बाबा अगदी शांत होते. आमच्या घरात पुढची मुलं आहेत, ते त्याला म्हणाले, त्यांना घाबरायला जरा लांबचा आकडा असू दे.