डॅनीचे बॉल आणि माझी पेन्सिल

स्कोअर लिहिणाऱ्याकडे कागद साठतात तेवढेच किस्सेही साठतात. कागद घर बदलताना टाकून दिले, किस्से राहिले. ऐंशीच्या दशकात जॉर्जियातल्या एका छोट्या गावात आमचे हे कॉलेजात शिकवायचे आणि मी तिथल्या बेसबॉल टीमची स्कोअरर होते. पुण्यात भावाच्या क्रिकेट क्लबचा स्कोअर लिहिलेला, तेवढ्या भांडवलावर! यांचे विद्यार्थी मला काकू म्हणायचे, म्हणून टीमही काकूच म्हणायला लागली.

बहुतेक किस्से डॅनीचे. डॅनी आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. वय तेहेतीस, अकरा वर्षं छोट्या लीगमध्ये. मोठ्या लीगमध्ये एकदा तरी खेळायचं, एवढीच त्याची इच्छा.

*

पहिल्या मॅचला मी सवयीने दर सहा बॉलनंतर रेघ मारत होते. डॅनीने कागद बघून विचारलं, "काकू, ही रेघ कसली?"

"सहा बॉल झाले. आता दुसऱ्याने टाकायचे."

"हे मॅनेजरला सांगू नका," तो म्हणाला. "त्याला फार आवडेल."

*

एकदा मॅच जिंकल्यावर डॅनीने ठरवलं, हरेपर्यंत मोजे धुवायचे नाहीत. सलग चार मॅच जिंकला. बसमध्ये त्याच्या आसपासच्या सीट रिकाम्या पडायला लागल्या. पाचवी मॅच हरलो त्या दिवशी आमच्याच टीमने पार्टी केली!

*

मॅचनंतर तो दुखरा खांदा बर्फात घालून बसायचा. मला बघवेना. पुण्याहून आणलेल्या आंबेहळदीचा गरम लेप लावून दिला. दुसऱ्या दिवशी घामाबरोबर हळद हातावर उतरली आणि पांढरे बॉल पिवळे व्हायला लागले. बॉलला काहीही लावणं नियमाबाहेर, त्यामुळे अंपायरने खेळ थांबवला. बॉलचा वास घेतला. डॅनीने माझ्याकडे बोट दाखवलं.

अंपायर माझ्यापर्यंत चालत आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, हे गुडघ्याला चालेल का?"

*

एकदा त्याला मोठ्या टीमने खरंच बोलावलं. चार दिवस नुसता बाकावर बसवला आणि परत पाठवला. मी विचारलं, "कसं होतं रे?"

"जेवण चांगलं होतं."

मला फार वाईट वाटलं. त्या रात्री मी नीट जेवलेही नाही.

*

पुढच्या सीझनमध्ये मॅनेजरने सांगून टाकलं होतं, सीझन संपला की त्याला काढणार. त्याच्या शेवटच्या मॅचला नेमका मोठ्या टीमचा माणूस आला, आणि डॅनीने शेवटच्या डावापर्यंत समोरच्यांना एकही हिट, म्हणजे अडवता न येणारा फटका, मारू दिला नाही. असं पिचरच्या आयुष्यात क्वचितच घडतं.

तेवढ्यात एक जोरदार फटका आमच्या टीममध्ये नवीनच आलेल्या टॉमीच्या ग्लोव्हला लागून निसटला. बॉल अडवण्यासारखा असेल तर टॉमीची चूक, नसेल तर हिट, म्हणजे डॅनीचा पराक्रम बुडाला. ठरवायचं मी. मी टॉमीची चूक लिहिली. मॅच संपली, सगळ्यांनी डॅनीला खांद्यावर घेतलं. मोठ्या टीमचा माणूस म्हणाला, "हा कागद सकाळी आमच्या ऑफिसला पाठवा, मग याचं बघू."

तासाभराने डॅनी माझ्याकडे आला.

"काकू, तो बॉल कोणालाच अडवता आला नसता."

"निर्णय माझा आहे," मी म्हटलं.

"चोवीस तासांत बदलता येतो ना?"

"वेडा आहेस का तू? उद्या हा कागद कुठे जाणार आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. त्यावर टॉमीचंही नाव आहे."

मी खोडरबर सापडत नाही म्हणाले. त्याने टेबलाखाली वाकून ते शोधलं आणि माझ्या हातात दिलं.