एमआरआयच्या दारात उभ्या असलेल्या मॅडम

डॉ. सुमती मॅडमची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मागून माझी कॉलर धरली तेव्हा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मॅडम रेडिओलॉजिस्ट होत्या त्या कोल्हापुरातल्या आमच्या तपासणी केंद्रात एमआरआय नुकताच आला होता आणि मी नेसरीहून येऊन तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो होतो. पहिल्याच दिवशी खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन मी आत निघालो होतो.

"मशीन बंद आहे की, मॅडम," मी म्हणालो.

"तपासणी बंद आहे. आतलं चुंबक चोवीस तास चालू असतं. तुमच्या आधी किल्ल्या पोचल्या असत्या."

मॅडमना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याकडून मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं त्या दारातच शिकलो.

पेसमेकर बसवलेल्या माणसाला त्या काळी एमआरआय वर्ज्यच होता. हृदयाचे ठोके सांभाळणारं, छातीवर कातडीखाली बसवलेलं ते काडेपेटीएवढं यंत्र चुंबकाजवळ बिघडेल, त्याची तार तापेल, अशी धास्ती असे. म्हणून अर्ज भरून घेतल्यावरही मॅडम प्रत्येक पेशंटच्या खांद्याखाली, छातीच्या वरच्या भागावर स्वतः हात फिरवून पाहत. मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटे. त्या वयात मला सगळंच कळत होतं!

एके दिवशी मॅडम फोनवर होत्या. हातकणंगल्याच्या आक्काताई मुलाबरोबर आल्या होत्या. त्यांच्या पायांतली ताकद दिवसेंदिवस कमी होत चालली होती. "अंगात मशीन, स्क्रू काही बसवलंय का?" मी विचारलं. आक्काताईंनी मुलाकडं पाहिलं आणि "न्हाय" म्हणाल्या. मुलगाही गप्प. मी ट्रॉली ढकलत दारापर्यंत पोचलो, तोच मॅडम आडव्या आल्या. त्यांचा हात आक्काताईंच्या खांद्याखाली गेला आणि तिथंच थांबला.

मुलाचा चेहरा पडला. "हाय, मशीन हाय. पर आईला गाठ काढलीया म्हणून सांगितलंय. हार्टचं म्हटलं असतं तर भ्याली असती. आन ह्या फोटोला त्याचा काय संबंध, असं वाटलं."

"मला काय कळत न्हाय व्हय रं?" आक्काताई पडल्या पडल्या कडाडल्या. "रोज आंघोळीला हाताला लागतंय की! तुला वाईट वाटंल म्हणून त्वांड उघडलं न्हाय."

मायलेकरं एकमेकांना जपत होती आणि मी त्या माउलीला थेट चुंबकापाशी नेत होतो. मॅडम मला चार शब्द सुनावतील असं वाटलं होतं. त्यांनी सुनावलं नाही. "तपासणी का होणार नाही, ते यांना तुम्हीच समजावून सांगा," एवढंच म्हणाल्या. मी ट्रॉली मागं घेतली आणि सांगू लागलो. त्या दिवसापासून नातेवाइकांना बाहेर बसवून, पेशंटला एकट्याला विचारायचं, अशी मॅडमनी पद्धत पाडली.

पण नकार देऊन मॅडम मोकळ्या झाल्या नाहीत. कण्यात औषध सोडून सीटी स्कॅन करायचं त्यांनी ठरवलं. मज्जारज्जूवर दाब कुठं येतोय ते त्यात दिसलं आणि ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी आक्काताई शेंगांची पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी आमचा जिना चढून आल्या.

पुढच्या काही वर्षांत परदेशातून नवे अनुभव छापून येऊ लागले. पेसमेकर कुठला आहे, हृदय त्याच्यावर किती अवलंबून आहे, हे तपासून आणि पुरेशी काळजी घेऊन काही पेशंटांचा एमआरआय करता येतो, असं दिसू लागलं. मॅडम वाचत राहिल्या, हृदयतज्ज्ञांशी वाद घालत राहिल्या. आणि आक्काताई पुन्हा आल्या. यावेळी नजर अंधुक होत होती आणि सीटीत काही उलगडत नव्हतं.

"धोका कमी आहे, पण नाहीच असं मी म्हणणार नाही," मॅडमनी मायलेकरांना समोरासमोर बसवून सांगितलं. मुलानं आईकडं पाहिलं. आक्काताई म्हणाल्या, "सगळं सांगून करताय न्हवं? मग करा की."

हृदयतज्ज्ञांनी पेसमेकरचं सेटिंग तपासणीपुरतं बदलून दिलं आणि ते काचेपलीकडं पडद्यावरचे ठोके पाहत बसले. मॅडम कानांत बोळे घालून आत, आक्काताईंचं मनगट धरून उभ्या राहिल्या. मशीन मी चालवत होतो. एकही ठोका चुकला नाही. नंतर पेसमेकर तपासला, तोही ठणठणीत. दुखण्याचं मूळ सापडलं आणि औषधांनी नजर सुधारली. त्या दिवशी मी मॅडमना प्रथमच खाली वाकून नमस्कार केला आणि त्यांनी मला प्रथमच रागावून उठवलं.

मॅडम, आता थोडं तुमच्याशी बोलतो. हल्ली जिना चढताना तुम्ही मधेच थांबता, मोबाइल काढता आणि फोन आल्यासारखं करता. फोन आलेला नसतो. आम्ही काळजीत पडू नये म्हणून तुम्ही बोलत नाही, आणि तुम्हाला अवघडायला नको म्हणून आम्ही. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणं आम्हा सर्वांचं आहेच. पण हृदयतज्ज्ञांची सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे. तुम्हाला विचारलेलं नाही. दहा वाजता मी खाली गाडी घेऊन उभा असेन.