अंबूबाईने न सांगितलेली जागा

दिवाळी झाली की माण तालुक्यातून अंबूबाईची मेंढरं इस्लामपूरजवळच्या आमच्या रानात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांनी जमिनीला कस येतो, आणि त्याबदल्यात आम्ही धान्य द्यायचं. यजमान गेल्यावर मी रान वाट्याने लावलं, पण मेंढरं अंबूबाईचीच बसतील ही अट घातली.

अंबूबाईचा राग उकळत नाही, मुरतो. दिराने एकदा तिची मेंढी न विचारता विकली, तर त्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नात ती मांडवात बसली, हसली, गाणी म्हणाली आणि पाणीसुद्धा न पिता उठली. त्यामुळे ऋषिराजचं काय होणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

ऋषिराज डॉक्टरेटसाठी तिच्या मेंढरांमागे हिंडायचा. तिच्या तव्यावरची भाकरी खायचा, तिला अक्का म्हणायचा. ती त्याला लेका म्हणायची. मेंढरांची पोटं फुगतात त्यावर ती एक कंद उगाळून पाजायची. तो कंद मिळायचा तो डोंगरही तिने त्याला दाखवला. एका गड्ड्यातला एकच कंद उपटायचा आणि त्याचा कोंब फुटायचा डोळा कापून तिथेच परत पुरायचा, तिच्या सासूने घालून दिलेली ही रीत. त्या कंदाचं आणि डोंगराचं नाव मी इथे लिहिणार नाही.

त्यावरचा शोधनिबंध छापून आल्यावर ऋषिराजने तो कौतुकाने मला आणून दिला. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून अंबूबाईने तो इंग्रजी निबंध माझ्याकडूनच समजून घेतला. त्यात तिचं नाव नव्हतं, 'एक वृद्ध मेंढपाळ स्त्री' एवढंच होतं. डोंगराचा मात्र नकाशा होता, नावासकट.

"आन् डोळा पुरायचं?" तिने विचारलं.

ते नव्हतं. मी ऋषिराजला फोन केला. "काकू, ती श्रद्धेची गोष्ट झाली," तो म्हणाला. "शोधनिबंधात बसत नाही."

पुढच्या पावसाळ्यानंतर व्यापाऱ्यांचे टेम्पो त्या डोंगराला लागले. मजूर लावून त्यांनी सगळा माथा उकरून नेला. त्याच साली अंबूबाईची मेंढरं आमच्या रानात कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर पडली. ढोलासारखी पोटं फुगून एकेक आडवी होत गेली. पाजायला हाताशी कंद नव्हता. गुरांचे डॉक्टर आले तोवर अर्धा कळप गेला होता. मेलेल्या मेंढ्या तिने पाय धरून स्वतः बांधापर्यंत ओढल्या. त्या दिवसाच्या माझ्या रोजनिशीत दुसरं काहीच नाही.

गेल्या वर्षी विद्यापीठात लोकज्ञान हा नवा विभाग सुरू झाला आणि ऋषिराज त्याचा प्रमुख झाला. शाल-नारळ घेऊन तो माझ्या घरी आला. अंबूबाई ओसरीवर बसली होती.

"अक्का, तुम्ही आता आमच्या मानद प्राध्यापक. मुलांना शिकवायचं. या वेळी तुमचं नाव सगळ्यांत आधी."

"आसं व्हय? मंग पोरं घिऊन या की सायेब, आमच्याकडं. कंदाचा डोंगूर दावते."

त्याला वाटलं, म्हातारी विरघळली. 'लेका'चा 'सायेब' झाला होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मीही मुलांबरोबर विद्यापीठाच्या बसमधून माणला गेले. अंबूबाईने बस लांब थांबवली आणि मागच्या अंगाची मेंढरांची वाट धरली. ऋषिराज पूर्वी डांबरी रस्त्याच्या बाजूने चढलेला, त्याला डोंगर ओळखू आला नाही. चढताना तो मुलांना सांगत होता, "खरं ज्ञान पुस्तकात नसतं, अशा माणसांच्या पायांत असतं."

"तुमचं पाय दुखाया लागलं का सायेब?" पुढून अंबूबाई. पोरं हसली.

माथ्यावर नुसते खड्डे होते, पावसाने अर्धे बुजलेले. एका काटेरी झुडपाला फाटकं पोतं अडकलं होतं.

"अक्का, हा कुठला डोंगर?"

"तुमचाच की. छापलासा न्हवं?"

त्याने पलीकडे पाहिलं. खाली डांबरी रस्ता दिसला आणि त्याचा चेहरा उतरला.

पल्लवी नावाची विद्यार्थिनी वही काढून उभी राहिली. "आजी, कंद कुठे आहे?"

"तुज्या सरास्नी इचार, बाळ. हितं काय हुतं, कुणी दावलं, कुणाला दावलं, समदं सांगत्याल. मी बसते."

ती दगडावर पाय पसरून बसली आणि चंचीतून पान काढलं.

ऋषिराज म्हणाला, "व्यापारी शोषणामुळे अशा वनस्पती..."

"तसं न्हाई. नाव घिऊन सांगा."

तो एका खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. मग म्हणाला, "अंबूबाईंनी दाखवलं. नकाशा मी छापला."

"आणि डोळा परत पुरायचा, ते का नाही छापलं?" पल्लवीने विचारलं. अंबूबाईने चढता चढता तिला ते सांगून ठेवलं होतं. ऋषिराजचे डोळे भरले. मला दया आली नाही. बांधावरची मेंढरं मी पाहिली होती.

उतरताना तो अंबूबाईच्या शेजारी आला. "अक्का, चुकलो मी. कंद अजून कुठे उरलाय का? आपण लावू, वाढवू, तुमच्या नावाने."

"हाय की."

"कुठे?"

"हाय. लय हाय." आणि ती पुढे चालू लागली.

तेव्हापासून तो साताऱ्याचे पेढे घेऊन माझ्याकडे ती जागा विचारायला येतो. विद्यापीठाने त्या कंदासाठी रोपवाटिकेला जागा दिली, कुंपण झालं, अंबूबाईच्या नावाची पाटीही लागली. आत काहीच नाही. मी हे सांगितलं तेव्हा अंबूबाई ठसका लागेपर्यंत हसली.

"कुंपान चांगलं घातलंय न्हवं? मंग राखा म्हनावं."

तिची मुलं मुंबईत टेम्पो चालवतात. कुणालाही मेंढरं नकोत. म्हणून एकदा मीच विचारलं, "तुझ्यामागे ती जागा कुणाला ठाऊक असणार?"

"आवं वैनी, त्यो इचारत ऱ्हाईल तवर मी कशाला मरते?"

काल ऋषिराजचा फोन आला होता. अंबूबाईची तब्येत कशी आहे, असं फार काळजीने विचारत होता. उत्तम आहे, मी म्हणाले.