मागचा ॲक्सल, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

१० ऑक्टोबर. पिकअपचा मागचा ॲक्सल बदलून संध्याकाळपर्यंत गाडी घरी आणायची. काम एवढंच होतं, पण ते त्याच दिवशी व्हायला हवं होतं.

गाडी जुनी, चारही चाकांना जोर देता येणारी. ती मी घेतली नांदूरघाटच्या बाजूच्या डोंगरातल्या एका वस्तीसाठी. तिथल्या बायका रानातली सीताफळं तोडतात. पूर्वी त्यांचा माल एक माजी सरपंच उचलायचा. पाटीवर नजर टाकायचा आणि तोंडाला येईल ते वजन सांगायचा. मी तिथं काटा नेला. तेव्हापासून बायका माल मला देतात आणि तो माझ्याशी बोलत नाही.

वस्तीखालची चढण मुरमाची आहे. पावसाळा संपता संपता तिथं साधी गाडी जागच्या जागी माती उकरत बसते. त्या चढणीवर दोनच गाड्या जातात, एक माझी आणि एक माजी सरपंचाची. त्यानं बायकांना बजावून ठेवलं होतं, या सीझनला एकदा जरी त्याची गाडी बोलावली तर शेवटपर्यंत माल त्यालाच द्यावा लागेल. मी बायकांना शब्द दिला होता, अकराला सकाळी येते, तोडून ठेवा. डोळे पडलेलं, पिकायला आलेलं सीताफळ फार वाट बघत नाही. पाटीतच फुटतं.

ॲक्सलच्या हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या लोखंडी कवचाला, तडा गेला होता. तसलाच दुसरा मिळायला वेळ लागला. शेवटी मिस्त्रीनं भंगारातून एक उचलून आणला. मी गॅरेजमध्ये पोचले तेव्हा तो जमिनीवर ठेवलेला होता, नवा काळा रंग मारून.

नवरा तालुक्याला कारकून आहे. त्यानं खास रजा काढली होती. गॅरेजमधली एकुलती एक खुर्ची मिस्त्रीनं त्याला दिली. गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, पण ॲक्सल कसा मिळाला, कुठल्या गाडीचा निघाला, हे सगळं मिस्त्री खुर्चीकडे बघून सांगत होता.

"कुठल्या गाडीचा आहे हा?" मी विचारलं.

"आपल्याच गाडीचा हाय ताई. साध्या मॉडेलचा."

"साध्याचा म्हणजे पुढच्या चाकांना जोर नसलेल्याचा?"

"मागचा ॲक्सल तर सगळ्यालाच ऱ्हातो की."

इथं मी थांबवलं. पूर्वी एकदा या गाडीला मागे-पुढे वेगळ्या मापाचे टायर बसवले गेले होते. चारही चाकं जोडली की गाडी आखडायची, जणू कुणी मागून धरून ठेवलंय. तेव्हाच मला कळलं होतं की अशा गाडीत पुढचं आणि मागचं सारखंच फिरायला हवं. ॲक्सलच्या आतल्या गिअरचे दात वेगळे असतील तर तेच होणार, आणि त्याहून वाईट. तपासायला फार काही लागत नाही. चाकावर खडूनं खूण करायची, चाक एक फेरा फिरवायचं आणि आतला शाफ्ट किती फिरतो ते बघायचं. मग पुढचं चाक तसंच. दोन्ही जुळले की झालं.

"बसवायच्या आधी फेरे मोजून घ्या," मी म्हणाले.

"ताई, स्प्रिंगचे पाटे बसले, बोल्टाची भोकं बसली, ब्रेकचा पाइप बसला. आनखी काय जुळवायचं ऱ्हायलं?"

"आतले दात."

"पत्रिका बी बघावी का मग?" मिस्त्री म्हणाला.

टायरवर बसलेला एक ट्रॅक्टरवाला हसला. "सायेब, वैनीला गॅरेज टाकून द्या की. आमी येतो हाताखाली."

सगळ्यात मोठ्यानं नवरा हसला. मग माझ्याकडे वळून, समजूत काढल्यासारखा म्हणाला, "त्याला त्याचं काम करू दे ना. घाई आहे त्याला."

घाई खरीच होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन, पुसून, मांडून ठेवतात आणि दसरा होईपर्यंत कुणी त्याला हात लावत नाही. मिस्त्रीला उजेड असेपर्यंत गाडी बाहेर काढून गॅरेज धुवायचं होतं. ब्रेकची हवा काढतानाही त्याचं अर्धं लक्ष झेंडूच्या फुलांकडे होतं. मी गाडीसमोर आडवी उभी राहू शकले असते. राहिले नाही. मलाही गाडी त्याच संध्याकाळी हवी होती.

डांबरी रस्त्यावर गाडी छान पळाली. नवरा शेजारी बसून म्हणाला, "बघ. कशाला डोकं खात होतीस त्याचं?"

पण इंजिनाचा आवाज बदलला होता. त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये तो आता खालच्या सुरात लागत होता. मागचे दात वेगळे होते, आता मला शंका उरली नाही. मी गाडी वळवली.

गॅरेज धुऊन झालं होतं. पोत्यावर पाने लहान-मोठे असे ओळीनं मांडले होते. शेजारी दोन्ही जॅक, त्यांच्या डोक्यावर झेंडू. मिस्त्रीची बायको हळदी-कुंकवाचं ताट घेऊन उभी होती.

"मिस्त्री, दात वेगळे आहेत. उतरवावा लागेल."

"आता कसं ताई? धुतलं, मांडलं. दसरा होऊ द्या, सकाळी सकाळी या. पैलं तुमचंच काम."

"उद्या सकाळी मला डोंगरावर जायचंय. जॅक तेवढा द्या, मी फेरे मोजते. तुम्ही हात लावू नका."

त्याच्या बायकोनं ताट खाली ठेवलं. मिस्त्री हसायचा थांबला.

"तुमच्यात नसंल हत्यारांचं काई," तो म्हणाला. "आमच्यात हाय."

आम्ही बौद्ध. गावात हे सगळ्यांना माहीत असतं आणि एरवी कुणी बोलत नाही. ते असं अडलेल्या कामाच्या वेळी बाहेर येतं. मी नवऱ्याकडे बघितलं. निदान आता तरी तो तोंड उघडेल असं मला वाटलं होतं. तो फोनमध्ये बघत होता. मग म्हणाला, "चल घरी. सणासुदीला तमाशा नको."

सण त्यांचा होता. तमाशा मात्र माझा ठरला.

घरी आलो. जेवताना त्यानं विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का. मी म्हटलं, आहे.

सकाळी उठले, अंगणात गाडीचाच जॅक लावला आणि मागचं एक चाक उचललं. खडूनं खूण केली, फिरवलं, मोजलं. मग पुढचं. जुळले नाहीत. थोडंथोडकं नाही, चांगलाच फरक होता. त्या चढणीवर चारही चाकं जोडली असती तर वाटेतच गिअरबॉक्स फुटला असता, तोही गाडी पाट्यांनी भरलेली असताना, उतारावर.

नवरा ओट्यावर चहा घेत होता. "दोनच चाकांवर जाऊन बघ की," तो म्हणाला. सहा-सात वेळा तो माझ्याबरोबर त्या चढणीवर आला होता.

मी वस्तीवरच्या थोरल्या बाईला फोन लावला. ती बाकीच्यांच्या वतीनं बोलते.

"गाडी वर येत नाही," मी सांगितलं. "ॲक्सल चुकीचा बसलाय."

"आवं, लई माल काढून ठेवलाय, ताई. निम्म्याला डोळे पडलेत." मग तिनंच विचारलं, "डोक्यावर आणावा का खाली? आमी आणू. पोरी हायत."

त्यांनी आणलाही असता. मुरमाच्या उतारावरून, पाटीवर पाटी घेऊन, दिवसभर. अर्धा माल चेंबला असता आणि एखादीचा पाय गेला असता. गॅरेजमध्ये मी पाय रोवून उभी राहिले नाही, म्हणून त्यांनी माना मोडायच्या?

"नको. त्याची गाडी बोलवा."

"सरपंचाची?"

"हो."

"मग सीझनभर त्यालाच द्यावं लागंल. तुमाला म्हाईत हाय ना?"

"माहीत आहे. बोलवा लवकर. ऊन चढायच्या आत."

तिनं फोन ठेवला.

मी आत जाऊन पान्यांची पिशवी आणली, ॲक्सल उतरवायला गाडीखाली पोतं अंथरलं. ब्रेकचा पाइप सोडला, शाफ्टचे बोल्ट काढले आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या बोल्टला पाना लावला. मिस्त्रीनं ते हिसका देऊन आवळले होते, लवकर सुटेनात. शेजारीण कुंपणापाशी येऊन म्हणाली, "आज? खंडेनवमीला?"

"आज," मी म्हटलं आणि पान्यात पाइप घालून जोर लावला.