मी वाचलेले जाहीरनामे

निजामाच्या राज्यात अणदूरजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. शाळेत मराठी शिकवायचो, पण गावाला माझा खरा उपयोग उर्दूचा होता. तहसिलीतून कागद आला की पाटील मला चावडीवर बोलावून घेत. मी उर्दू वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो. लोक कागदाकडं बघत नसत, माझ्या तोंडाकडं बघत.

लढाई विलायतेत सुरू झाली, तेव्हा पहिला कागद आला तो प्रार्थनेचा. इंग्रज सरकार आपल्या सरकारचा जुना दोस्त आहे, त्याच्या फतेसाठी मशिदीत दुवा मागावी, देवळात अभिषेक करावा, एवढंच. खंडोबाच्या गुरवानं विचारलं, "भांडण कुणाचं कुणाशी म्हणावं देवाला?" मी शाळेतला नकाशा आणून दाखवला. तो नकाशा बघून म्हणाला, "लई लांब हाय. करून टाकू अभिषेक."

पुढच्या हिवाळ्यात कागद आला घोंगड्यांचा. घरटी एक, खुशीनं द्यावी. खुशीनं या शब्दाखाली रेघ होती. त्यानंतर लेव्हीचा आला. फौजेसाठी आणि शहरांसाठी ज्वारी घालायची होती. मग जनावरांचा. दर कागदाच्या शेवटी लिहिलेलं असे की एवढ्यानं काम भागेल, रयतेला आणखी तोशीस पडणार नाही. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की पुढं पुढं ते न बघताच म्हणायचो.

जनावरांच्या खरेदीत आमच्या टांगेवाल्याचं घोडं गेलं. गावापासून नळदुर्गापर्यंत त्याचा एकच टांगा चाले. पंचविशीचा गडी, घरी म्हातारी आई आणि बायको. त्यानं कधी चाबूक वापरलेला मी पाहिला नाही. वाटभर घोड्याशी बोलत असायचा, पाठीमागं बसलेल्या माणसांशी मात्र नाही. खरेदीवाल्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. टांगा दारात उभा राहिला आणि त्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

पावसाळ्याच्या अखेरीस भरतीचा कागद आला. फौजेच्या खेचरांसाठी माणसं हवी होती. मी वाचून दाखवला. लोक उठून गेल्यावर टांगेवाला तेवढा मागं राहिला.

"मास्तर, लढायला जायचं लिवलंय का त्यात?"

"नाही. जनावरं सांभाळायची."

"लांब न्हेणार?"

मी कागद पुन्हा उघडला. "मुलखाबाहेर नेणार नाही असं लिहिलंय."

"नीट बघा. अम्मी तेवढंच विचारती."

मी नीट बघितलं. तसंच लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची पत्रं कुणीतरी लिहून द्यायचा, आणि इकडं त्याची आई ती घेऊन शाळेत यायची. बायको दाराबाहेर पदर ओढून उभी राहायची. पहिलं पत्र सिकंदराबादेहून. खाणं बरं आहे, खेचरं हट्टी आहेत. दुसऱ्यात आगगाडीतून बरेच दिवस गेल्याचं होतं. तिसऱ्यात त्यानं लिहिलं होतं की मुलूख सोडून आता ब्रह्मदेशाच्या हद्दीकडं निघालोय, आणि आम्हालाही बंदुका दिल्यात.

म्हातारीनं मला थांबवलं. "मास्तर, कागदात तर हे न्हवतं."

"नव्हतं."

"मग तुमी काय वाचलं वो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

रजा टाकून मी तुळजापूरला तहसिलीत गेलो. कारकून माझ्याच वयाचा, डोळे सुजलेला. त्यानं गठ्ठा उपसून एक नवा हुकूम समोर ठेवला. गरजेनुसार जुन्या अटी बदलल्या आहेत, बस्स. मी म्हणालो, "हा आम्हाला का नाही पाठवला?" तो म्हणाला, "मास्तर, एक लागू करेपर्यंत दुसरा येतो. कुणीतरी वर बसून ठरवतं का, मला म्हायती न्हाय. मला वाटतं तिथं बी असाच गठ्ठा असंल." मी त्याला दोष देऊ शकलो नाही. परतीच्या गाडीत मात्र मला बसवत नव्हतं.

महिन्याभरानं भरतीचा दुसरा कागद आला. मी सगळा वाचला, 'तोशीस पडणार नाही' इथपर्यंत. मग कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "मागच्या कागदात मुलखाबाहेर नेणार नाही असं होतं. आपला टांगेवाला ब्रह्मदेशाकडं आहे, हातात बंदूक आहे. हे कागदात नाही, मी सांगतोय."

पाटलांनी कागद उचलून त्याची घडी घातली. त्या दिवशी कुणी नाव दिलं नाही. पुढच्याच आठवड्यात माझी बदली परंड्याकडं, सोनारीजवळच्या शाळेत झाली. निघताना म्हातारीकडं गेलो. तोवर पत्रं बंद झाली होती. तिनं मला पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

लढाई संपून वर्ष होत आलं असेल. दुपारी शाळेच्या पडवीत एक माणूस येऊन बसला. दाढी वाढलेली, एका कानानं ऐकू येत नव्हतं. आवाज ऐकून मी ओळखलं, आमचा टांगेवाला. गावी आईला भेटून माझा पत्ता काढत आला होता. मी त्याला घरी नेलं. भाकरी खाऊन झाल्यावर तो आपणहून बोलायला लागला.

"तिथं रानात दुश्मन जवळ असायचा मास्तर. खेचरं वरडली की पत्ता लागायचा. म्हून डाक्टर त्यांच्या गळ्यातला आवाज कापायचा. आमी मुंडकं धरायचं. मी माझ्या खेचरांशी बोलत बोलत धरायचो, आपल्या घोड्याशी बोलायचो तसंच. ती थांबायची गप. भरवसा ठेवायची."

मी म्हणालो, "तुला मीच पाठवलं."

त्यानं ऐकू येणारा कान पुढं केला, मी पुन्हा म्हणालो. त्यानं मान हलवली. "तुमी लिवलं न्हवतं." मग म्हणाला, "पर अम्मीला भेटा एकदा. तिला तुमाला बोल लावायचाय, आन् तुमी तिथं न्हाईत."

तो दोन दिवस राहिला, बहुतेक वेळ झोपूनच. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. म्हातारी अंगणात धान्य पाखडत होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि मनात साठलेलं सगळं बोलली. सून आतून ऐकत होती. मी उभा राहून ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर ती दमली, भिंतीला टेकली, आणि सुनेला म्हणाली, "मास्तरला बसायला टाक."

टांगेवाल्यानं टांगा मोडून चाकं विकली आणि सडकेच्या कामावर खडी फोडायला लागला. जनावराच्या पाठीवर पुन्हा हात ठेवला नाही. पोरं झाली, ती मात्र खडीच्या गाड्यांच्या बैलांपाशीच वाढली.